लेंटर पडण्याआधी

आमचं घर पहाडगंजमध्ये, चुना मंडीच्या मागच्या एका अरुंद गल्लीत आहे. आजोबा सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून सोन्याचांदीच्या गलाईच्या कामाला दिल्लीत आले. भट्टी करोल बागेत आणि बिऱ्हाड इथे, अशी सोय त्यांनी पाहिली आणि पुढे पै-पै साठवून हे साठ गजांचं घर घेतलं. आम्ही भावंडं आराम बागेजवळच्या नूतन मराठी शाळेत शिकलो. शेजारचं कुटुंब फाळणीनंतर मुलतानहून आलेलं. दोन्ही घरांत एकच भिंत, आणि तिच्यावरून तीन पिढ्यांत कधी शब्दाने शब्द वाढला नव्हता.

नवी दिल्ली स्टेशन चालत जाण्याच्या अंतरावर आणि आता मेट्रोही जवळ, त्यामुळे इथल्या जुन्या घरांच्या जागी गेस्ट हाउस उभी राहत गेली. शेजारच्या घराचीही पाळी आली. जुनं पाडून पाच मजले चढवायचं ठरलं. सामाईक भिंतीच्या डोक्यावर नवी भिंत चढायला लागली, आणि संडास-बाथरूमच्या पाइपांची शाफ्ट आमच्या जालावर पुढे आली. जाल म्हणजे मधल्या चौकातली लोखंडी जाळी. आमच्या तळमजल्याला उजेड आणि वारा मिळतो तो तिथूनच. हे सगळं मिटायला काही वर्षं गेली. दिल्लीतल्या मराठी घरांतून आजही असेच प्रश्न मला विचारले जातात, म्हणून जे कळलं ते लिहून ठेवते.

१. दोन प्रश्न पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा

शेजारचं बांधकाम बेकायदा आहे का, हा एक प्रश्न. त्याने माझ्या भिंतीला, उजेडाला, जिवाला काही होतं आहे का, हा दुसरा. आपण रागाच्या भरात दोन्ही एकत्र बोलतो आणि तिथेच बळ घालवून बसतो.

पहाडगंजमध्ये पहिला प्रश्न फार लांबत जातो. ७ फेब्रुवारी २००७ रोजी लागू झालेल्या दिल्लीच्या मास्टर प्लॅन-२०२१ मध्ये हा भाग ‘विशेष क्षेत्रा’त मोडतो. परकोटाच्या आतली जुनी दिल्ली, सदर बाजार, करोल बाग यांच्याच पंगतीत. इथली निम्मी घरं नकाशे मंजूर करून घेण्याची रीत रुळण्याआधीची आहेत, आणि उरलेल्यांवर दर पिढीने एकेक खोली चढवली आहे. सरसकट हातोडा चालवायचा म्हटला तर वस्तीच उठेल. म्हणून संसदेने दिल्लीसाठी खास कायदा केला. २०११ च्या त्या कायद्याने ठरावीक तारखेपर्यंतच्या अनेक बांधकामांना कारवाईपासून संरक्षण दिलं, आणि त्याची मुदत वाढत वाढत आता ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत आली आहे. विशेष क्षेत्रासाठी इमारतींची वेगळी नियमावली आहे, ती २०१० ची. शेजारी जेव्हा म्हणतो, “यहाँ तो सबका ऐसे ही बना हुआ है, भाभीजी,” तेव्हा त्याच्या बोलण्याला हा एवढा आधार असतो.

पण हे संरक्षण पालिकेच्या कारवाईपासून आहे, आणि तेही जुन्या बांधकामाला. माझ्या भिंतीवर ओझं टाकायचा, माझ्या जालावर शाफ्ट आणायचा हक्क त्या कायद्याने कुणालाही दिलेला नाही. हे ध्यानात आलं आणि माझी भीती अर्धी झाली. पहिला प्रश्न पालिकेचा, तिथे मी माहिती देणारी नागरिक. दुसरा प्रश्न माझा, तिथे मी हक्कदार. पुढचं प्रत्येक पाऊल यातल्या कुठल्या प्रश्नासाठी टाकते आहे, हे मी आधी ठरवत गेले.

२. आपलं कपाट आधी उघडा

गावाकडे बांधाचा वाद झाला की माणूस भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करतो. मोजणीदार येतो, खुणा रोवतो, नकाशाची ‘क’ प्रत हातात पडते. शहरात असाल तर सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड असतं. माझ्या काकांना वाटायचं की दिल्लीतही असंच काही होईल. पहाडगंजच्या आमच्या गल्लीत तसा आधार नाही. रजिस्ट्रीत चतुःसीमा लिहिलेली असते ती अशी: पूर्वेला अमक्याचं घर, पश्चिमेला गल्ली, उत्तरेला तमक्याचं घर. त्यातले अमके-तमके केव्हाच वारलेले असतात. मापं गजांत आणि फुटांत, तीही ढोबळ.

त्यामुळे हाताशी जे असेल ते सगळं गोळा करावं लागतं: रजिस्ट्री, त्याआधीच्या मालकाची रजिस्ट्री, हाउस टॅक्सच्या जुन्या पावत्या, विजेची-पाण्याची बिलं, लग्नमुंजीचे फोटो. शेवटच्या गोष्टीला कमी लेखू नका. माझ्या आत्याच्या लग्नात चौकात काढलेल्या एका फोटोत सामाईक भिंत वरच्या कडेपर्यंत स्वच्छ दिसते, तिच्यावर उघडं आकाश आहे. आमच्या वकिलांनी सर्वांत आधी तोच कागद फायलीत लावला.

दिल्लीत बरीच घरं नुसत्या मुखत्यारपत्रावर हातोहात गेली आहेत. जीपीए, करारनामा आणि मृत्युपत्र एवढ्यावर मालकी हस्तांतरित होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट सांगितलं. तुमचे कागद असे असतील तर धीर सोडू नका. शांतपणे चालत आलेल्या ताब्यालाही कायदा जपतो. पण हे वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा, समोरच्याच्या वकिलाच्या तोंडून ते बाहेर यायला नको.

आणखी एक. तक्रार केली की तपासणीला येणारा माणूस दोन्ही घरांकडे पाहतो. आमच्या गच्चीवरची बरसाती, म्हणजे वरची खोली, आजोबांच्या काळातली. तिचा उल्लेख टॅक्सच्या जुन्या कागदांत सापडला, ती प्रत आम्ही वेगळी काढून ठेवली आणि मगच पुढे गेलो.

३. भिंत कुणाची, ते भिंतीलाच विचारा

या प्रकरणात मी सर्वांत जास्त शिकले ते इथे. एका जाणत्या स्थापत्य अभियंत्याला आम्ही बोलावलं. तो कागद न पाहता आधी भिंतीपाशी गेला. जाडी मोजली. प्लास्टरचा एक तुकडा काढून आतल्या विटा पाहिल्या, पातळ लाखोरी विटा आणि चुन्याचा मसाला. मग त्याने विचारलं, “आपकी कड़ियाँ किधर बैठी हैं?” आमच्या छताच्या कड्या आणि गार्डर याच भिंतीत शिरलेले. शेजारचं जुनं घर पाडलं तेव्हा त्यांच्या बाजूचे गार्डर बसायचे खळगे उघडे पडले होते, ते त्याने मोजपट्टी लावून फोटोत घेतले. कोनाडेही दोन्ही बाजूंना. दोन्ही घरांनी इतकी वर्षं भार टाकला, दोन्ही घरांनी वापरली, म्हणजे भिंत सांझी. इथे सामाईक भिंतीला सगळे सांझी दीवार म्हणतात.

सांझी भिंत म्हणजे अर्धी तुझी, अर्धी माझी आणि आपापल्या अर्ध्यावर हवं ते करा, असं नव्हे. सहमालकाच्या संमतीवाचून ती एकट्याने उंच करता येत नाही. मद्रास उच्च न्यायालयाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कनकय्या विरुद्ध नरसिंहुलू या खटल्यात सामाईक भिंतीवर एकाने चढवलेलं बांधकाम काढायला लावलं होतं. भिंतींच्या वादांत वकील त्या निकालाचा आधार अजूनही घेतात. शेजाऱ्याला उंच जायचं असेल तर त्याने आपल्या हद्दीत स्वतःचे कॉलम आणि स्वतःची भिंत उभी करावी. साठ गजांच्या जागेत नऊ इंच सोडणं त्याला जड जातं, हे खरं. पण ते नऊ इंच आपल्या डोक्यावरून घ्यायचे नसतात.

म्हणून शेजारचं घर पाडलं जात असतानाच भिंतीची दुसरी बाजू पाहून घ्या. ती थोडे दिवसच उघडी असते, मग नव्या विटांमागे कायमची जाते. तेव्हाच्या फोटोंइतका पक्का पुरावा आमच्याकडे दुसरा नव्हता.

४. कुणाशी बोलायचं, हे नीट ठरवा

नोटिशीआधी माणसांशी बोलावं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण दिल्लीत समोर माणूस कोण, हाच प्रश्न असतो. इथे घरं बहुधा ‘कोलॅबोरेशन’वर बांधली जातात. जमीन मालकाची, पैसा बिल्डरचा, मजले वाटून घ्यायचे. आम्ही शेजारी गेलो तेव्हा बीजींनी, म्हणजे त्या घरातल्या आजींनी, माझा हात धरून बसवलं, चहा दिला आणि म्हणाल्या, “बेटा, तू तो जानती है, मैं तो दीवार को हाथ न लगने दूँ.” त्या मनापासून बोलत होत्या. मुलगा म्हणाला, बिल्डरशी बोला. बिल्डर म्हणाला, मालकाने दाखवलेल्या हद्दीप्रमाणे काम चाललं आहे, मालकाशी बोला.

या फेऱ्यात अडकू नका. कागदावर जमीन ज्याची, जबाबदारी त्याची. बिल्डरला प्रत द्या, पण पत्र मालकाच्या नावाने लिहा. आम्ही मालकाला साधं पत्र रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं. भिंत सांझी आहे, तिच्यावर भार टाकू नका, शाफ्ट मागे घ्या, दोघांच्या अभियंत्यांनी एकत्र बसून पाहावं. आरोप नाही, धमकी नाही. बीजींना ते पत्र मी स्वतः हिंदीतून वाचून दाखवलं. पुढे कोर्टात ते पत्र न्यायाधीशांनी दोनदा पाहिलं, कारण आम्ही पहिल्यापासून काय मागत होतो हे त्यात उघड होतं.

५. लेंटरच्या आधीचे दिवस हेच खरे दिवस

दिल्लीत स्लॅबला लेंटर म्हणतात. लेंटर पडेपर्यंत बांधकाम म्हणजे विटा आणि फळ्या, ते मागे घेता येतं. लेंटर पडलं की ते ‘झालेलं’ बांधकाम होतं. पैसा अडकतो, मन अडकतं, तोडायचं म्हटलं तर आपल्याच भिंतीला हादरे बसतात. आमच्या गल्लीत लेंटर बहुतेक वेळा जोडून सुट्ट्या आल्या की पडतं, तेही रात्री. शटरिंगच्या फळ्या आणि बल्ल्या गल्लीत येऊन पडल्या की समजावं, आता दिवस थोडे आहेत.

कायद्याची रचनाही याच क्रमाने आहे. दिल्ली महानगरपालिका अधिनियम, १९५७ च्या कलम ३४४ खाली चालू काम थांबवण्याचा आदेश देता येतो, आणि तो मानला नाही तर पोलिसांच्या मदतीने माणसं तिथून हलवता येतात. कलम ३४३ पाडण्याचं. त्यात आधी कारणे दाखवा नोटीस, म्हणणं मांडायची संधी, मग आदेश, आणि आदेशानंतर पाच ते पंधरा दिवसांची मुदत. कलम ३४५-अ सील करण्याचं. पाडण्याच्या आदेशावर अपील करायला खास न्यायाधिकरण आहे, ते तीस हजारी कोर्टाच्या आवारात बसतं. शिवाय १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पाडकामाआधी पंधरा दिवसांची नोटीस बंधनकारक केली आहे. रस्ता, फुटपाथ अशा सार्वजनिक जागांवरची बांधकामं त्यातून वगळली आहेत. म्हणजे पाडायचा रस्ता लांब आहे आणि थांबवायचा रस्ता आखूड. आपण तक्रार करतो तेव्हा मनात पाडायचं असतं. मागावं मात्र थांबवायचं.

तक्रार लेखी द्या आणि डायरी नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पालिकेच्या ‘३११’ ॲपवरही टाका, म्हणजे तारीख पक्की होते. पालिकेने बांधकामाची नोंद केली की इथे ‘प्रॉपर्टी बुक झाली’ म्हणतात. बुक झाल्याचा फाइल नंबर मिळवा. मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा. मंजूर नकाशाची प्रत, तपासणीचा अहवाल, दिलेल्या नोटिशी, एवढंच मागा. उत्तराची मुदत तीस दिवस आहे. आम्हाला नकाशाची प्रत मिळाली तेव्हा कळलं की त्यात शाफ्ट आतल्या बाजूला दाखवलेली आहे, आमच्या जालाकडे नाही. त्या एका कागदाने प्रकरणाची दिशा बदलली.

६. तक्रारीत विशेषणं नकोत, इंच हवेत

दिल्लीत तक्रार करणं हाही काहींचा धंदा झाला आहे. चालू बांधकाम हेरायचं, अर्ज टाकायचा, मग बिल्डरला भेटायचं. अशा अर्जांच्या ढिगात आपला अर्ज पडतो, हे ओळखून तो लिहावा लागतो. आमच्या अर्जावर पूर्ण नाव, स्वतःच्या घराचा नंबर, सही आणि फोन होता. मजकूर असा: सांझी भिंतीवर अमुक तारखेपासून साडेचार इंची भिंत चढते आहे, तिची लांबी इतकी, शाफ्ट आमच्या जालावर इतके इंच पुढे आहे, सोबत फोटो. ‘प्रचंड’, ‘राजरोस’, ‘संगनमत’ असे शब्द एकही नाहीत. वाचणाऱ्याने जागेवर यावं आणि लिहिलेलं तसंच सापडावं, एवढाच हेतू ठेवा.

याच काळात ‘काम करून देतो’ म्हणणारे भेटतात. कुणी थांबवून देतो म्हणतं, कुणी पाडून देतो. माझे वडील निवृत्त सरकारी कारकून. त्यांनी अशा माणसाला दारातूनच परत पाठवलं, आणि मला ते फार योग्य वाटलं. पैशाने थांबलेलं काम जास्त पैशाने पुन्हा सुरू होतं, आणि मग आपल्या तोंडाला कुलूप लागलेलं असतं.

७. जीव आधी, हद्द नंतर

पाया खणायला लागले की वादाच्या गोष्टी बाजूला ठेवा आणि भिंतीकडे पाहा. चुन्यातली जुनी भिंत शेजारच्या घराच्या आधाराने उभी असते. तो आधार गेला, शेजारी खोल खड्डा झाला आणि त्यात पावसाचं पाणी साठलं की ती बसू शकते. मे २०२५ मध्ये आमच्याच भागात, आराम बागेत, बांधकाम चालू असलेल्या इमारतीची भिंत पावसात कोसळून मजूर दगावले. नोव्हेंबर २०१० मध्ये लक्ष्मीनगरजवळच्या ललिता पार्कात आख्खी इमारत खाली आली, सत्तरच्या आसपास माणसं गेली. एप्रिल २०१३ मध्ये मुंब्र्याजवळ शिळफाट्याला ७४ जण गेले, ती इमारत तर महिन्या-दोन महिन्यांत मजल्यांवर मजले चढवत नेलेली.

अभियंत्याने आम्हाला एक साधी गोष्ट शिकवली. भिंतीला तडा दिसला की त्याच्यावर आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटवायची आणि तारीख लिहायची. तडा जुना आणि स्थिर असेल तर काच तशीच राहते. भिंत हलत असेल तर काच तडकते. आमच्या जिन्याजवळची काच तडकली. त्याच दिवशी आम्ही आईला आणि मुलांना करोल बागेत मावशीकडे हलवलं, ११२ वर फोन केला, मालकाला आणि बिल्डरला लेखी कळवलं की खड्ड्याच्या बाजूने टेके लावल्याशिवाय खणू नका. टेके लागले. या एका बाबतीत बिल्डरने खळखळ केली नाही, हेही सांगायला हवं. भिंत पडली तर तोही बुडणार होता.

विजेच्या तारांकडेही पाहा. पहाडगंजच्या गल्ल्यांत तारा छज्ज्यांना चिकटून जातात. साध्या दाबाच्या तारांपासून इमारतीचं आडवं अंतर किमान १.२ मीटर हवं. नवा छज्जा तारेपाशी येत असेल तर वीज कंपनीला वेगळं पत्र द्या, त्यांचा माणूस लवकर येतो.

आणि वर गेस्ट हाउस होणार असेल तर आगीचा प्रश्न शेजाऱ्याइतकाच आपलाही आहे. १२ फेब्रुवारी २०१९ रोजी करोल बागेतल्या अर्पित पॅलेस हॉटेलच्या आगीत १७ माणसं गेली. आमच्या गल्लीत मोठी गाडी शिरत नाही. म्हणून तडजोडीत आम्ही अग्निशमनाच्या कागदांची प्रत मागितली, आणि दुसरा जिना आमच्या जालाच्या बाजूला लोखंडी शिडी लावून करायचा नाही, हेही लिहून घेतलं.

८. कोर्टात जायचं तर उशीर करू नका, आणि मागणं लहान ठेवा

पत्रांना उत्तर येईना आणि शटरिंग बांधलं जायला लागलं, तेव्हा आम्ही तीस हजारीत मनाई हुकमाचा दावा लावला. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३९ खाली तात्पुरता मनाई हुकूम मागता येतो. त्यासाठी तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: सकृद्दर्शनी आपली बाजू खरी आहे, हुकूम दिला नाही तर भरून न येणारं नुकसान होईल, आणि गैरसोयीचं पारडं आपल्याकडे झुकतं. आमच्या वकिलांनी त्याच वेळी लोकल कमिशनर नेमण्याचा अर्ज दिला. महाराष्ट्रात ज्याला कोर्ट कमिशनर म्हणतात तोच हा. तो जागेवर येतो, मोजतो, फोटो घेतो आणि कोर्टाला अहवाल देतो. त्याचा अहवाल आला की आपलं आणि त्यांचं म्हणणं एका बाजूला राहतं, आणि सगळे इंचांवर बोलायला लागतात.

शेजाऱ्याला असा दावा करायचा अधिकार आहे का, ही शंका मला होती. १९७४ मध्ये उडुपीच्या रामदास शेणॉय प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती मिटवली आहे. नियम मोडून झालेल्या बांधकामाचा भार आसपास राहणाऱ्यांना सोसावा लागतो, म्हणून त्यांना दाद मागता येते. तिथे प्रश्न वस्तीत उभ्या राहणाऱ्या सिनेमागृहाचा होता.

उशिराबद्दल दोन गोष्टी. मुदतीच्या कायद्याच्या कलम २५ प्रमाणे वीस वर्षं उघडपणे, शांतपणे, अडथळ्याशिवाय उपभोगलेल्या उजेड-वाऱ्याचा हक्क पक्का होतो. पण अडथळा आला की दोन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो, नाहीतर तो काळ मोजला जात नाही. दुसरं, आपण पाहत राहिलो आणि बांधकाम पूर्ण झालं, तर कोर्ट मूक संमती मानून हुकूम नाकारू शकतं किंवा पाडण्याऐवजी नुकसानभरपाईवर येऊ शकतं. ‘होऊ द्या, मग बघू’ हे वाक्य आमच्या नातेवाइकांत ज्यांनी ज्यांनी म्हटलं, त्यांच्या घरात आज दिवसा दिवा लावावा लागतो.

मागणं लहान ठेवणं हे माझं ठाम मत आहे. नातेवाईक म्हणत होते, पाचवा मजला पण पाडून मागा. मी नाही म्हटलं. पाचवा मजला नियमात बसतो की नाही, हे पालिकेने पाहायचं. तक्रारीत आम्ही त्याची माहिती दिलीच होती. कोर्टात आम्ही चारच गोष्टी मागितल्या: सांझी भिंतीवरची भिंत काढा, शाफ्ट मागे घ्या, आमच्या चौकाकडे खिडकी काढू नका, भिंतीची डागडुजी करा. बांधकाम पाडण्याबाबत कोर्टं कडक असतात, हे नोएडातल्या सुपरटेकच्या जोड मनोऱ्यांनी दाखवलं आहे. ऑगस्ट २०२१ चा आदेश, २८ ऑगस्ट २०२२ ला दोन्ही मनोरे जमीनदोस्त. पण तिथे आख्खी सोसायटी वर्षानुवर्षं लढत होती. एका घराने आपल्या घरापुरतं लढावं.

९. समेट करायचा तर कोर्टाच्या कागदावर

दावा चालू असताना न्यायाधीशांनी आम्हाला मध्यस्थी केंद्रात पाठवलं. तीस हजारीत २००५ पासून असं केंद्र आहे. तिथे दोन्ही बाजू एका टेबलाशी बसतात आणि जे बोललं जातं ते खटल्यात पुरावा म्हणून वापरता येत नाही. त्यामुळे माणसं मोकळं बोलतात. बीजी व्हीलचेअरवरून आल्या होत्या. शेजारच्या मुलाने पहिल्यांदाच सांगितलं की बिल्डरने शाफ्ट बाहेर नेली ती प्रत्येक मजल्यावर एक खोली जास्त निघावी म्हणून, आणि करारात त्याचे हात बांधलेले आहेत. ते ऐकल्यावर मला त्याच्याबद्दलचा राग धरून ठेवता आला नाही. पुढच्या बैठकीला मध्यस्थांनी बिल्डरलाच बोलावून घेतलं.

ठरलं ते असं. सांझी भिंतीवर चढवलेल्या विटा काढायच्या आणि त्यांनी आपल्या बाजूला वेगळी भिंत घालायची. शाफ्ट नकाशात होती तिथे न्यायची. दोन्ही भिंतींमधल्या फटीवर पत्र्याचं झाकण आणि वॉटरप्रूफिंग त्यांच्या खर्चाने. चौकाकडे फक्त वर, छातीच्या उंचीपलीकडे, जाड काचेची झडप. जिन्याजवळचा तडा भरायचा आणि पुढचे दोन पावसाळे तो पाहायचा. आम्ही त्यांच्या माणसांना दुरुस्तीसाठी गच्चीवर येऊ द्यायचं, आधी सांगून. जालाच्या एका कोपऱ्यावर त्यांच्या छज्ज्याची सावली थोडी राहिली आहे. तेवढी आम्ही मान्य केली, कारण ती काढायला दोन कॉलम कापावे लागले असते. पाचव्या मजल्याची फाइल तिच्या वाटेने चालू आहे.

असा समझोता घरी स्टँप पेपरवर लिहून थांबू नका. ऑर्डर २३, नियम ३ खाली तो कोर्टात दाखल केला की त्यावर हुकूमनामा होतो, आणि उद्या कुणी फिरलं तर नव्याने दावा न लावता त्याची अंमलबजावणी मागता येते. आम्ही तीन गोष्टींचा आग्रह धरला. बिल्डरचीही सही हवी. प्रत्येक कामाला तारीख हवी आणि सोबत मापांचा नकाशा जोडलेला हवा. आणि ‘वारस, खरेदीदार व भाडेकरू यांच्यावर बंधनकारक’ हे शब्द हवेत. इथे मजले सतत विकले जातात, आणि आज ज्याने कबूल केलं तो उद्या द्वारका किंवा नोएडाला राहायला गेलेला असतो.

तसंच झालं. बिल्डरच्या वाट्याचे दोन मजले गेस्ट हाउसवाल्याने घेतले. तो राहायला आला त्या आठवड्यात हुकूमनाम्याची आणि नकाशाची प्रत मी त्याला नेऊन दिली आणि पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर सही घेतली. पहिल्या पावसात पत्र्याच्या झाकणातून पाणी झिरपलं तेव्हा मी त्याला फोन केला. त्याने हुकूमनाम्यातलं कलम पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी मिस्त्री पाठवला.